गोळी घेऊन मग बोला

माझा बाप दारूने मेला, असं सोलापुरात आमच्या गल्लीत अजूनही सांगतात. खोटं आहे. तो गेला तेव्हा त्याने दारू सोडलेली होती. सोडल्याबद्दल मारुतीच्या देवळासमोर त्याला नारळ दिला होता, टाळ्या वाजवल्या होत्या. ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच आज दारूने मेला म्हणतात.

बाप यंत्रमागावर टॉवेल विणायचा आणि आई विड्या वळायची. सकाळी सूप मांडीवर घ्यायची ते दिवेलागणीला खाली ठेवायची. विड्या पोचत्या केल्या की कारखान्यातला तपासणारा माणूस त्यातल्या मूठभर वाकड्या म्हणून बाजूला काढायचा. त्या हिशोबात धरायच्या नाहीत आणि परतही द्यायच्या नाहीत. आईने एकदा विचारलं, "वाकड्या हायत तर मला दे की माघारी." तो म्हणाला, "लई शानपणा करू नको, उद्यापासनं पान मिळणार नाही." आई गप्प बसली. मी तिच्या शेजारी उभी होते. आपण गप्प बसायचं नाही हे मी तिथेच ठरवलं. त्याचा मला पुढे फायदा झाला आणि तेवढाच त्रासही झाला.

बापाचं असं होतं की काही आठवडे तो झोपायचाच नाही. दोन पाळ्या लागोपाठ करायचा, घरी येऊन भिंत रंगवायला घ्यायचा, गल्लीतल्या पोरांना जिलेबी वाटायचा, स्वतःचा कारखाना काढतो म्हणायचा. मग एक दिवस सगळं उतरायचं. भिंतीकडे तोंड करून पडायचा तो उठायचाच नाही. दारू दोन्ही वेळेला असायची. चढलेला असताना उतरवायला, उतरलेला असताना चढवायला. लोकांना बाटली दिसायची. भिंतीकडे केलेलं तोंड फक्त आम्हाला दिसायचं, आणि आम्हाला त्याचं नाव माहीत नव्हतं.

सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या होत्या. पण त्याच सुमारास गल्लीत दारू सोडवणाऱ्यांची बैठक सुरू झाली. तिथला पुढारी आईला म्हणाला, "वहिनी, एक नशा सोडवायची आणि दुसरी लावायची का? गोळ्या म्हंजे सुद्दा नशाच." आईने गोळ्या मोरीत ओतल्या. बापाने दारू सोडली. नारळ मिळाला. मग तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला, आणि यावेळी त्याच्याजवळ काहीच नव्हतं. दारूही नाही, गोळीही नाही. एका सकाळी तलावाकडे गेला आणि परत आला नाही. मी तेव्हा दहावीला होते.

मी शिकले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजचा जिना कुणी चढलेलं नव्हतं. इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरी केली, तिथेच लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर सिंगापूरला आले. हे मी नम्रपणे सांगत नाहीये. ज्यांच्या घरात पुस्तकांची कपाटं होती त्यांनी नम्र व्हावं, त्यांना ते परवडतं.

इथे मला आंग मो किओच्या एका कंपनीत सर्किट तपासायचं काम मिळालं. नवरा पाया लेबारला एका ऑफिसात सॉफ्टवेअरवाला. राहायला पासिर रिस. मुलगी इथलीच झाली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी.

आजार माझ्यात आला तो आधी बढती घेऊन आला. काही आठवडे मी झोपलेच नाही आणि एकटीने चार माणसांचं काम केलं. कंपनीने माझं कौतुक केलं, बाकीच्यांना मेल पाठवून माझं उदाहरण दिलं. आपल्याकडे वेडालाही पगारवाढ मिळते, फक्त ते कामाच्या बाजूने लागायला हवं. मग उतरलं. उतरलेल्या दिवसांत मी वाइन प्यायला लागले, आधी जेवणाबरोबर, मग जेवणाऐवजी. पुढचं लांबवत नाही. शेवटी ऑफिसातून ॲम्ब्युलन्समधून मला दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर माझ्याहून लहान होती, चिनी, केस आखूड कापलेले. ती गोड बोलली नाही, म्हणून मला पटली. म्हणाली, "तुला दोन आजार आहेत. मनाचा एक, दारूचा एक. एकावर उपचार केला की दुसरा त्याला परत घेऊन येतो. दोन्ही बरोबर." मनासाठी लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या, आणि दारूसाठी बारा पायऱ्यांच्या गटात जा म्हणाली, जिथे दारू सोडणारे एकत्र बसून एकेक पायरी चढतात.

नवऱ्याने मला घरी आणलं, चहा केला, समोर ठेवला आणि म्हणाला, "मी तुला दोष देत नाहीये."

दोष न देता शिक्षा करायची, ही त्याच्या घरची पद्धत आहे.

"पण परत एकदा असं झालं," तो म्हणाला, "तर तिला मी पुण्याला आईकडे ठेवणार. तिथल्या शाळेत घालणार. मी चर्चा करत नाहीये, सांगतोय."

"माझी मुलगी आहे ती."

"माझीही आहे. आणि तिने तुला बाथरूमच्या फरशीवर बघितलंय. मी नाही, तिने."

मी चहा ओतून टाकला. पण एवढं कळलं की आता माझ्याजवळ राखायला एकच गोष्ट आहे. ती आठ वर्षांची आहे आणि तिला गवार आवडत नाही.

*

गट एका चर्चच्या वरच्या मजल्यावर भरायचा. प्लास्टिकच्या खुर्च्या, बिस्किटांचा डबा, कागदी कपात कॉफी. चिनी, तमिळ, गोरे, एक-दोन मलय. सगळं इंग्रजीत. पहिल्याच पायरीला म्हणायचं की मी हतबल आहे. मला ते जमेना. मी आयुष्यभर हतबल नाही हे सिद्ध करण्यात घालवलं आणि इथे आल्या आल्या तेच कबूल करायचं? दुसऱ्या पायरीला आपल्याहून मोठी शक्ती. ती कोण, हे तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. सोलापुरातल्या त्या बैठकीत निदान मारुती तरी होता.

तरीही मी जात राहिले, कारण दारू खरोखर थांबत होती. माझ्यासारख्याच इतरांच्या हलक्या, लाजिरवाण्या, खोटारडेपणाच्या कहाण्या ऐकल्या की पिण्याची इच्छा जरा मागे सरायची. हे श्रेय मी त्यांना देते. जे खरं ते खरं.

गटात प्रत्येक नव्या माणसाला कुणीतरी जुना माणूस वाट दाखवायला मिळतो. मला मिळाली ती पुण्याची निघाली. साठीची, कॉटनची साडी, कानात कुड्या, दारू सोडून कितीतरी वर्षं झालेली. सगळ्या गटात तिचा मान. मी तिला ताई म्हणायचे. परदेशात आपल्या भाषेत कुणी "काय गं, जेवलीस का?" विचारलं की माणूस मूर्ख होतो. मीही झाले.

तिच्या काँडोच्या बाल्कनीत आम्ही बसायचो. पहिल्याच दिवशी तिने माझं बोलणं सुधारायला घेतलं.

"'लई' नाही गं म्हणायचं. 'खूप' म्हणावं. तू एवढी शिकलेली ना?"

"शिकलेय म्हणूनच दोन्ही येतात, ताई."

ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

मग तिने विचारलं, गोळ्या कुठल्या घेतेस. मी सांगितलं.

"अगं बाई, लिथियम? म्हणजे बॅटरीत घालतात ते?"

"मीठ बर्फ वितळवायला रस्त्यावरही टाकतात ताई, म्हणून आमटीत घालायचं सोडतो का?"

"तुझी जीभ फार चालते," ती म्हणाली. "जीभ हा पण आजारच असतो, बरं का. बघ, मी तुला स्पष्टच सांगते. डोकं बदलणारं काहीही तू घेतेस, तोवर तू शुद्ध नाहीस. लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील, पण ते खोटं असेल. तुला माहीत असेल, मला माहीत असेल."

शुद्ध. हा शब्द मी लहानपणापासून ओळखते. तो म्हणणाऱ्यांच्या घरी आईला पाणी वरून ओतून मिळायचं. तिथेच उठून यायला हवं होतं.

उठले नाही, त्याला कारणं आहेत आणि ती मी पुसत बसणार नाही. गोळ्यांची सवय लागते, हे मी आईच्या तोंडून ऐकत मोठी झाले होते. शिवाय लिथियमने माझे हात थरथरायचे. सूक्ष्मदर्शकाखाली सर्किटच्या टोकाला सुई लावायची आणि सुई नाचायची. शेजारच्या टेबलावरचा पोरगा एकदा म्हणाला, "डान्सिंग आह, सिस्टर?" मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. हात हीच माझी कमाई होती. आईचीही तीच होती.

ताईने आतून एक बाटली आणली. तपकिरी काचेची, पुण्याहून कुणी कुणी आलं की त्यांच्या बॅगेतून येणारी. अश्वगंधारिष्ट.

"हे घे. रोज रात्री जेवणानंतर दोन मोठे चमचे, तेवढंच पाणी. मज्जातंतूंना ताकद. आपलं आहे, आयुर्वेदिक, साइड इफेक्ट शून्य. मी कित्येक वर्षं घेतेय. माझ्याकडे बघ."

मी तिच्याकडे बघितलं. ती शांत दिसत होती. आता वाटतं, शांत दिसणारच.

न्याय म्हणून एक सांगते. गटाच्या स्वतःच्या नियमांत गोळ्या सोडा असं कुठेही नव्हतं. मी नंतर सगळं बारकाईने वाचलं. हा ताईचा स्वतःचा फतवा होता. पण खोलीत जिचा मान असतो तिचा फतवा नियमापेक्षा मोठा असतो, हे ज्याला कळत नाही त्याने आयुष्यात कधी दुसऱ्याच्या दारात उभं राहिलेलं नाही.

*

मी लिथियम बंद केलं. थरथरणारे हात थांबले. हे आधी झालं आणि ते इतकं सुंदर होतं की मी ताईला फोन करून थँक्यू म्हणाले. सुई सरळ. डोकं सरळ. आणि संध्याकाळी ते दोन चमचे घशातून उतरताना एक ओळखीची ऊब. मी स्वतःला सांगितलं, जडीबुटीची ऊब आहे. मग दोनाचे चार झाले. मग चमचा कशाला म्हणून वाटी. ताईला म्हटलं, बाटली लवकर संपतेय. ती म्हणाली, "शरीराला गरज असेल, घेऊ दे." आणखी दिल्या.

मग झोप गेली. पण मला त्रास वाटेना, उलट सगळं उजळलेलं. घरातले सगळे प्लग मी उघडून पुन्हा बसवले. आईला सोलापुरात फोन करून म्हटलं, तुझ्या नावाने विड्यांचा कारखाना काढते, तपासणारा माणूस तू नेम. आई मग म्हणाली, "तुझा बा असंच बोलायचा गं." मी हसून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा लवकर ऑफिसला गेला होता. मुलीला शाळेच्या बसला सोडायचं होतं. मी तिला बसला सोडलं नाही. तिला घेऊन पासिर रिसच्या किनाऱ्यावर गेले. सकाळचं ऊन, समोर उबिन बेट, इतकं जवळ की हात लावावा. मला पक्कं कळलं होतं की पाणी उथळ आहे आणि तिथपर्यंत चालत जाता येतं, फक्त आजवर कुणाला सुचलं नाही. मी बूट काढले नाहीत. तिचेही काढू दिले नाहीत. तिचा हात धरला आणि चालायला लागले.

"मम्मा, व्हॉट आर यू डूइंग?"

"चालतोय. बघ, किती जवळ आहे."

"मम्मा, स्टॉप लाह. आय गॉट स्पेलिंग टुडे."

पाणी माझ्या कमरेपर्यंत आलं, म्हणजे तिच्या छातीपर्यंत. तिचं दप्तर पाठीवर होतं, ते भिजून जड झालं आणि तिला मागे ओढायला लागलं. ती रडली नाही. तिने माझ्या हाताला चावा घेतला. कडकडून. मी हात सोडला, ती वळली आणि पाण्यातून जाऊन किनाऱ्यावर व्यायाम करणाऱ्या एका म्हाताऱ्याजवळ पोचली. त्याला म्हणाली, माझ्या बाबांना फोन कर. बाबांचा नंबर तिला पाठ होता. मला वाटतं, त्या दिवशीची पाठांतराची परीक्षा तिने तिथेच दिली.

चाव्याची खूण महिनाभर होती. ती बुजू नये असं मला वाटायचं. मूर्खपणा.

*

दवाखान्यात त्याच आखूड केसांच्या डॉक्टरने माझं रक्त तपासलं. "लिथियम जवळजवळ नाहीच," ती म्हणाली. "अल्कोहोल आहे."

"मी दारूला हातही लावला नाही," मी म्हटलं, आणि ते मला शपथेवर खरं वाटत होतं.

नवऱ्याने पिशवीतून तपकिरी बाटली काढली. ती त्याला स्वयंपाकघरात सापडली होती, रिकामी. लेबल अंगठ्याने घासून त्याने वाचायला सुरुवात केली. वर मोठ्या अक्षरांत मज्जातंतू, बल, निद्रा. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, की हे औषध आंबवून करतात आणि त्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं. मी सर्किटवरची अक्षरं वाचून पोट भरणारी बाई. हे लेबल मी एकदाही वाचलं नव्हतं. आपलं होतं ना. आपलं कोण तपासतं?

"तिचं शनिवारचं तिकीट काढलंय," नवरा म्हणाला. "आई एअरपोर्टवर येईल."

मी म्हटलं, "शाळेचं वर्ष संपायला थोडेच आठवडे राहिलेत. तेवढं तरी थांब."

"कशाच्या भरवशावर?"

"मी गोळी घेईन."

"मागच्या वेळीही घेतच होतीस. मला सांगत होतीस की घेतेय." त्याने डॉक्टरकडे बघितलं. "घरी मी रोज समोर बसून देतो. गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं. जिभेखाली पण."

"मी काय तुझा कैदी आहे? तोंड उघडून आईने कधी बघितलं नाही माझं!"

"तुझ्या आईने गोळ्या मोरीत ओतल्या होत्या. तूच सांगितलंस मला."

त्या क्षणी मला तो जगातला सर्वांत वाईट माणूस वाटला. अजूनही कधीकधी वाटतो. पण तो खोटं बोलत नव्हता.

डॉक्टर म्हणाली, "कुणाच्या तरी समोर घेणं ही चांगली कल्पना आहे. नवऱ्यासमोरच असं नाही. कोण चालेल ते तू ठरव." मी ठरवलं. पण आधी मला एक काम होतं.

*

वॉर्डातून सुटले त्या आठवड्याच्या बैठकीला मी रिकामी बाटली घेऊन गेले. माझी वेळ आली तेव्हा ती मधल्या टेबलावर, बिस्किटांच्या डब्याशेजारी ठेवली.

"ही दारू आहे," मी इंग्रजीत म्हटलं. "मी महिनाभर पीत होते. मला माहीत नव्हतं. ज्यांनी मला दिली, त्या कित्येक वर्षं पितायत. त्यांनाही माहीत नसेल. आता दोघींना माहीत आहे."

ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिने मराठीत बोलायला सुरुवात केली, म्हणजे बाकीच्यांना कळू नये. "हे औषध आहे. तुला लाज वाटत नाही? घरची गोष्ट चारचौघांत..."

"औषध ना?" मी इंग्रजीतच उत्तर दिलं. "मग लिथियम काय, चणे-फुटाणे?" चणे-फुटाण्यांना इंग्रजी शब्द मला पटकन सुचला नाही, तो मराठीतच राहिला. एक तमिळ माणूस मोठ्याने हसला.

"मी इतकी वर्षं," ताई म्हणाली, आता इंग्रजीत, आवाज चिरकलेला, "इतकी वर्षं मी कोरडी आहे. तू काल आलीस. तू माझी वर्षं पुसणार?"

"मी काही पुसत नाही. लेबल वाचा."

"तुझ्यासारख्या लोकांना..." ती थांबली.

"बोला ना, ताई. माझ्यासारख्या म्हणजे कसल्या? लई बोलणाऱ्या?"

ती उठून गेली. बाटली तिथेच राहिली. मला वाटलं आता मला बाहेर काढतील, आणि खरं सांगायचं तर काढावं असंच वाटत होतं. मग कोपऱ्यातली एक चिनी बाई उभी राहिली. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, आजवर फार न बोललेली. तिने पर्समधून गोळ्यांची छोटी डबी काढली आणि बाटलीच्या शेजारी ठेवली.

"मी बैठकीआधी टॉयलेटमध्ये जाऊन घेते," ती म्हणाली. "सगळे विचारतात, ब्लॅडर वीक आह? मी म्हणते, हो."

एकाने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. त्या तमिळ माणसाने पाकिटात घडी घातलेली पुडी काढली. टॉयलेटमध्ये, जिन्यात, बस स्टॉपवर घेणारे. गटासमोर शुद्ध असलेले. मला कुणाची दया आली नाही. मला राग आला की इतके दिवस एकानेही सांगितलं नाही. त्यांना मी हे बोलूनही दाखवलं. गणितवाली म्हणाली, "यू ऑल्सो नेव्हर टेल." बरोबर होतं, आणि तेही मला आवडलं नाही.

त्याच तिघांना मी साक्षीदार केलं. नवऱ्याला सांगितलं, तुझ्यासमोर जीभ उचलणार नाही, यांच्यासमोर गिळेन, कारण हेही माझ्यासमोर गिळतील. गणितवालीच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबल आहे, म्हातारे तिथे बुद्धिबळ खेळतात. ते उठले की संध्याकाळी आम्ही बसायला लागलो. तिथेही बारा पायऱ्या आहेतच, आम्ही त्या टाकल्या नाहीत. फक्त आधी एक नियम आहे. आल्या आल्या प्रत्येकाने आपली गोळी टेबलावर ठेवायची, सगळ्यांसमोर पाण्याबरोबर घ्यायची. बाकीच्या दिवशी फोनवर, व्हिडिओ लावून. त्यानंतरच देव, हतबलता, जे काय असेल ते. कुणी आधीच रडगाणं सुरू केलं तर गणितवाली शाळेतल्यासारखं टेबल वाजवते, "मेडिसिन फर्स्ट, टॉक लेटर!" मी मराठीत म्हणते, गोळी घेऊन मग बोला. आता तो तमिळ माणूसही तेच म्हणतो, चुकीच्या हेलात.

नवरा एकदा बघायला आला. विश्वास नव्हता म्हणून आला, हे मला माहीत होतं. कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप घेऊन खांबाआड उभा राहिला. मी त्याला बघितलं आणि मुद्दाम जरा मोठा घोट घेतला. घरी जाताना लिफ्टमध्ये तो म्हणाला, "शनिवारचं तिकीट रद्द केलं होतं. तुला सांगायचं राहिलं."

"कधी?"

"त्याच शुक्रवारी."

म्हणजे तिकीट फक्त पुढे ढकललंय असं सांगून इतके आठवडे तो मला टांगणीवर ठेवून होता. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आईला मी फोनवर सगळं सांगितलं. गोळ्यांचंही. ती म्हणाली, "आमच्या वेळंला बी कोणी असं सांगितलं असतं तर." मी म्हटलं, "सांगितलं होतं ना, डॉक्टरने." ती मग म्हणाली, "डॉक्टर एकटा होता गं. टाळ्या वाजवणारे लई होते." त्यानंतर त्या विषयावर आम्ही बोललो नाही.

ताई आजही तिच्या गटात जाते असं ऐकते. एकदा पाया लेबारच्या मॉलमध्ये समोर आली. म्हणाली, "कशी आहेस?" मी म्हटलं, "आजारी. पण बरी." तिने ती बाटली सोडली की नाही हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मी तिला माफ केलेलं नाही, आणि कुठली पायरी मला तसं करायला लावणार असेल तर त्या पायरीला थांबावं लागेल.

हात अजून थरथरतात. कंपनीत मी सुई लावायचं काम सोडलं, आता दुसऱ्यांनी तपासलेलं तपासते. मुलगी माझ्याबरोबर किनाऱ्यावर येत नाही. पोहायचं असेल तर बाबांबरोबर जाते.

डिसेंबरच्या सुट्टीत ती पुण्याला आजीकडे गेली. तिकीट जायचं आणि यायचं, दोन्ही होतं. शाळा उघडायच्या आधी ती परत आली, बॅगेत आजीने दिलेले लाडू, आणि दारातच म्हणाली की गवार केली असशील तर मी जेवणार नाही. मी दारू पीत नाही, रोज गोळी घेते, आणि मुलगी माझ्या घरी राहते.